इंग्रजी भाषा कुठून आली आणि कशी घडली? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

इंग्रजीचे स्पेलिंग असे का, बहुतेक अनेकवचनांना 'एस' लागतो तर 'फूट'चे 'फीट' कसे होते, ही भाषा संस्कृतातून निघाली का, असे प्रश्न मुले शाळेत विचारतात. बऱ्याचदा त्यांना "ते तसंच असतं, पाठ कर" एवढेच ऐकावे लागते. खरे तर बहुतेक ठिकाणी कारण आहे आणि ते सोप्या शब्दांत सांगताही येते. म्हणून ही प्रश्नोत्तरे.

इंग्रजी ही इंग्लंडची मूळ भाषा आहे का?

नाही. इंग्रजी ब्रिटनच्या बेटावर बाहेरून आली. तिच्या आधी तिथे केल्टिक कुळातल्या भाषा बोलल्या जात. आजची वेल्श ही त्यांचीच वारस. इ.स. ४३ पासून साधारण ४१० पर्यंत बेटाचा मोठा भाग रोमन साम्राज्यात होता आणि कारभार लॅटिनमध्ये चाले. रोमन सैन्य परत गेल्यावर पाचव्या शतकात आजच्या डेन्मार्क, उत्तर जर्मनी आणि नेदरलँड्सच्या किनाऱ्यांवरून लोक समुद्र ओलांडून येऊ लागले. जॅरोच्या मठात राहणाऱ्या बीड या भिक्षूने ७३१ मध्ये पूर्ण केलेल्या आपल्या इतिहासात या लोकांची अँगल, सॅक्सन आणि ज्यूट अशी तीन नावे दिली आहेत. अँगलांवरून 'इंग्लंड' आणि 'इंग्लिश' ही नावे पडली.

इंग्रजीची अगदी जवळची बहीण म्हणजे फ्रिजियन. ती नेदरलँड्सच्या उत्तर भागात आजही बोलली जाते. ज्यांची भूमी होती त्या केल्टिक लोकांचे शब्द मात्र इंग्रजीत फार थोडे उरले. ते मुख्यतः नद्यांच्या आणि गावांच्या नावांत सापडतात: थेम्स, डोव्हर, एव्हन. 'एव्हन'चा मूळ अर्थच नदी, त्यामुळे इंग्लंडमध्ये एव्हन नावाच्या एकाहून अधिक नद्या आहेत.

मग इंग्रजी लॅटिनपासून निघाली की संस्कृतपासून?

दोन्हींपासून नाही. हा गैरसमज आपल्याकडे फार पसरलेला आहे, म्हणून थोडे सविस्तर सांगतो.

कलकत्त्याच्या सर्वोच्च न्यायालयाचे न्यायाधीश विल्यम जोन्स यांनी २ फेब्रुवारी १७८६ रोजी एशियाटिक सोसायटीतल्या भाषणात एक विचार मांडला. संस्कृत, ग्रीक आणि लॅटिन यांच्यातले साम्य योगायोगाने येण्याइतके थोडे नाही, त्या एकाच जुन्या भाषेतून आल्या असाव्यात आणि ती मूळ भाषा कदाचित आता उरलेलीही नसेल. त्या हरवलेल्या भाषेला आज आद्य इंडो-युरोपीय म्हणतात. तिची एक शाखा संस्कृतमार्गे मराठीपर्यंत आली, एक लॅटिनकडे गेली आणि एक जर्मानिक शाखा इंग्रजी, जर्मन, डच, स्वीडिश यांच्याकडे. म्हणजे मराठी आणि इंग्रजी दूरच्या चुलत बहिणी आहेत. संस्कृत ही इंग्रजीची आई नव्हे.

हे नाते मोघम नाही, नियमाने दाखवता येते. परीकथा गोळा करणाऱ्या ग्रिम बंधूंपैकी याकोब ग्रिम यांनी १८२२ मध्ये तो नियम मांडला. जर्मानिक शाखेत मूळचा 'प' 'फ' झाला: संस्कृत पितृ आणि इंग्रजी फादर, पाद आणि फूट, पंच आणि फाइव्ह. 'त'चा 'थ' झाला: त्रि आणि थ्री. 'द'चा 'ट' झाला: दंत आणि टूथ, दश आणि टेन. 'ग'चा 'क' झाला: गो आणि काउ. 'भ'चा 'ब' झाला: भ्रातृ आणि ब्रदर. दोन भाषांमध्ये असा पद्धतशीर फरक दिसतो तेव्हाच नाते सिद्ध होते. नुसत्या ऐकायला सारख्या वाटणाऱ्या शब्दांवरून काहीच ठरत नाही.

लॅटिनचे काय? इंग्रजीच्या शब्दकोशातले अर्ध्याहून अधिक शब्द लॅटिन किंवा फ्रेंचमधून आलेले आहेत, हे खरे. पण रोजच्या बोलण्यात सर्वांत जास्त वेळा येणारे शंभर शब्द पाहिले तर ते जवळजवळ सगळे जर्मानिक निघतात. सर्वनामे, अव्यये, खाणे-पिणे-येणे-जाणे अशी क्रियापदे, आई-बापांची नावे हा भाषेचा सांगाडा असतो, आणि इंग्रजीचा सांगाडा जर्मानिकच आहे.

हजार वर्षांपूर्वीची इंग्रजी आजच्या इंग्रजाला कळते का?

शिकल्याशिवाय नाही. 'बेओवुल्फ' हे ३,१८२ ओळींचे काव्य इ.स. १००० च्या आसपासच्या एकाच हस्तलिखितात उरले आहे. ते १७३१ च्या आगीत होरपळले, पण वाचले. आजचा इंग्रजी भाषक त्याची पहिली ओळ वाचून गोंधळून जातो.

मराठी माणसाला मात्र त्या जुन्या इंग्रजीचे व्याकरण ओळखीचे वाटेल. तिच्यात तीन लिंगे होती. सूर्य स्त्रीलिंगी, चंद्र पुल्लिंगी आणि आजच्या 'वाइफ'चा पूर्वज 'वीफ' हा स्त्री या अर्थाचा शब्द चक्क नपुंसकलिंगी. नामांना विभक्तीचे प्रत्यय लागत, त्यामुळे वाक्यातला क्रम बराच मोकळा होता. 'कुत्रा माणसाला चावला' आणि 'माणसाला कुत्रा चावला' यांचा अर्थ मराठीत बदलत नाही, कारण 'ला' सगळे सांगतो. आजच्या इंग्रजीत शब्दांची जागा बदलली की चावणाराच बदलतो.

'फूट–फीट', 'माउस–माइस' ही अनेकवचने त्याहून जुनी आहेत. कधीकाळी या शब्दांच्या अनेकवचनी प्रत्ययात 'इ' होता. त्या 'इ'ने आधीच्या स्वराला आपल्याकडे ओढले आणि मग प्रत्यय गळून गेला. बदललेला स्वर तेवढा मागे राहिला.

व्हायकिंगांनी इंग्रजीला काय दिले?

माझ्या मते लोक समजतात त्याहून पुष्कळ जास्त. व्हायकिंग म्हणजे डेन्मार्क-नॉर्वेकडून जहाजांनी येणारे लढवय्ये. ७९३ मध्ये त्यांनी लिंडिसफार्नच्या मठावर हल्ला केला, ८६५ मध्ये त्यांची मोठी फौज उतरली आणि पुढे इंग्लंडचा उत्तर आणि पूर्व भाग डेन लोकांच्या, म्हणजे डेन्मार्ककडच्या व्हायकिंगांच्या, ताब्यात गेला. दक्षिण इंग्लंडमधल्या वेसेक्स राज्याचा राजा आल्फ्रेड याने ८७८ मध्ये एडिंग्टनच्या लढाईत त्यांना रोखले. या आल्फ्रेडचे भाषेवर मोठे ऋण आहे. लॅटिन कळणारी माणसे देशात फार थोडी उरली, याचे त्याला मनापासून वाईट वाटत होते. त्याने महत्त्वाची लॅटिन पुस्तके इंग्रजीत आणवली, काहींचे भाषांतर स्वतः केले आणि ज्यांना सवड आहे अशा स्वतंत्र घरांतल्या मुलांनी आधी इंग्रजी वाचायला शिकावे असा आग्रह धरला.

लढाया संपल्यावर डेन लोक तिथेच शेती करू लागले, लग्ने झाली, शेजार जमला. 'एग', 'नाइफ', 'विंडो', 'स्काय', 'स्किन', 'लॉ', 'हजबंड' हे शब्द त्या शेजारातून आले. 'दे', 'देम', 'देअर' ही सर्वनामेही त्यांचीच. एखादी भाषा दुसरीकडून सर्वनामे उचलते हे क्वचितच घडते, त्यावरून तो शेजार किती घट्ट होता हे कळते. डर्बी, ग्रिम्सबी, व्हिटबी या नावांतला 'बी' म्हणजे वस्ती.

दोन्ही भाषांचे धातू सारखे आणि प्रत्यय वेगळे. बाजारात बोलताना धातू कळायचा, प्रत्यय अडखळवायचा. इंग्रजीचे विभक्तिप्रत्यय झिजण्यामागे हे एक मोठे कारण होते, असे पुष्कळ अभ्यासक मानतात. शब्दाच्या सुरुवातीला जोर देऊन शेवट पुसट उच्चारण्याची सवयही त्याला कारण झाली.

१०६६ मध्ये नेमके काय झाले?

१४ ऑक्टोबर १०६६ रोजी हेस्टिंग्जच्या लढाईत इंग्लंडचा राजा हॅरल्ड मारला गेला आणि उत्तर फ्रान्समधल्या नॉर्मंडीचा विल्यम राजा झाला. वीस वर्षांत जवळजवळ सगळ्या मोठ्या जमिनी नॉर्मन सरदारांकडे गेल्या. दरबारात फ्रेंच, कागदपत्रांत लॅटिन आणि इंग्रजी शेतात, गोठ्यात, चुलीपाशी. पीटरबरोच्या मठातल्या भिक्षूंनी इंग्रजीत बखर लिहिणे चालू ठेवले होते, ते ११५४ च्या नोंदीपाशी थांबले. पुढची जवळजवळ दोन शतके इंग्लंडमध्ये सत्तेच्या जागी इंग्रजी क्वचितच दिसे.

ती टिकली ती बहुसंख्य माणसे तीच बोलत होती म्हणून. आयांनी, मजुरांनी, शेतकऱ्यांनी ती जिवंत ठेवली, आणि यातल्या बहुतेकांना लिहिता येत नव्हते. लिखाणाचा धाक नसल्यामुळे याच काळात ती झपाट्याने बदललीही: लिंगे गेली, प्रत्यय गेले. 'कोर्ट', 'जज', 'ज्युरी', 'प्रिझन', 'टॅक्स', 'पार्लमेंट', 'गव्हर्नमेंट' असे हजारो फ्रेंच शब्द आत आले. सत्ता ज्यांच्या हाती होती त्यांचेच शब्द सत्तेच्या जागांना चिकटले.

प्राणी 'काउ' आणि मांस 'बीफ', हे नॉर्मनांमुळेच का?

शब्दांचा उगम तसाच आहे: 'काउ', 'शीप', 'पिग' इंग्रजी आणि 'बीफ', 'मटन', 'पोर्क' फ्रेंच. पण गुराख्याची भाषा एक आणि पंगतीची दुसरी, अशी चोख विभागणी १०६६ नंतर लगेच झाली ही समजूत बरोबर नाही. मध्ययुगात 'बीफ' आणि 'मटन' हे शब्द जिवंत जनावरांसाठीही वापरले जात. आजचा फरक पुढच्या शतकांत हळूहळू पक्का झाला.

फ्रेंच गेली आणि इंग्रजी परत कशी आली?

हा मला या साऱ्या इतिहासातला सर्वांत महत्त्वाचा भाग वाटतो.

१२०४ मध्ये राजा जॉनच्या हातून नॉर्मंडी गेली. सरदारांना पलीकडच्या किंवा अलीकडच्या जमिनींतून निवड करावी लागली आणि इंग्लंडमध्ये राहिलेल्यांची फ्रान्सशी नाळ सैल होत गेली. पुढे फ्रान्सशी प्रदीर्घ युद्ध सुरू झाले. १३४८–४९ च्या प्लेगमध्ये लोकसंख्येचा फार मोठा हिस्सा मेला. मजूर कमी झाले तशी त्यांची किंमत वाढली, आणि फ्रेंच जाणणारे गुरुजी आणि धर्मगुरूही पुष्कळ मेले होते.

शाळांचे काय चालले होते हे त्या काळच्या दोन माणसांनी लिहून ठेवले आहे. चेस्टरचा भिक्षू रॅनल्फ हिग्डन याने चौदाव्या शतकाच्या पूर्वार्धात तक्रार केली की, इतर कुठल्याही देशात होत नाही ते इथे होते: मुलांना स्वतःची भाषा सोडून फ्रेंचमधून धडे समजून घ्यावे लागतात. त्याच्या लॅटिन ग्रंथाचे इंग्रजी भाषांतर करताना जॉन ट्रेव्हिसाने १३८५ मध्ये तिथेच आपली भर घातली. प्लेगनंतर जॉन कॉर्नवॉल नावाच्या शिक्षकाने ही पद्धत बदलली आणि आता इंग्लंडच्या सगळ्या व्याकरणशाळांत मुले इंग्रजीतून शिकतात, असे तो सांगतो. त्याने फायदा आणि तोटा दोन्ही नोंदवले. फायदा हा की मुले व्याकरण पूर्वीपेक्षा लवकर शिकतात. तोटा हा की त्यांच्या डाव्या टाचेला जेवढे फ्रेंच येते तेवढेच आता त्यांना येते, म्हणजे काहीच नाही, आणि समुद्रापार गेल्यावर त्यांची पंचाईत होते. शिक्षणाच्या माध्यमावर आपल्याकडे आज जे वाद होतात, ते सहाशे वर्षांपूर्वी इंग्रजीबद्दलच होत होते.

१३६२ मध्ये न्यायालयातला युक्तिवाद इंग्रजीत व्हावा, कारण लोकांना फ्रेंच कळत नाही, असा कायदा झाला. तो कायदाच फ्रेंचमध्ये लिहिला होता. १३९९ मध्ये चौथ्या हेन्रीने गादीवरचा हक्क इंग्रजीत सांगितला, आणि १४१७ पासून पाचवा हेन्री आपली पत्रे इंग्रजीत लिहवू लागला. कायद्याची भाषा मात्र चिवट निघाली. न्यायालयीन नोंदींतून लॅटिन आणि फ्रेंच पूर्णपणे हटायला १७३३ साल उजाडले.

प्रमाण इंग्रजी कशी ठरली?

कुणी बसून ठरवली नाही. लंडन आणि वेस्टमिन्स्टरला राजाची कार्यालये होती, व्यापार होता, चौदाव्या शतकातला चौसरसारखा कवी तिथला होता. १४७६ मध्ये विल्यम कॅक्स्टनने वेस्टमिन्स्टरला इंग्लंडचा पहिला छापखाना काढला आणि तिथली बोली देशभर पोहोचली.

त्याच्यापुढची अडचण त्यानेच १४९० मध्ये लिहिली आहे. थेम्समधून निघालेले काही व्यापारी वारा पडल्यामुळे किनाऱ्यावर उतरले. एकाने एका बाईकडे 'एग्ज' मागितली. ती म्हणाली, मला फ्रेंच येत नाही. तो चिडला, कारण त्यालाही फ्रेंच येत नव्हते. मग दुसऱ्याने 'आयरेन' मागितली, तेव्हा तिला अंडी हवी आहेत हे कळले. 'एग्ज' हा उत्तरेकडचा, डेन लोकांकडून आलेला शब्द, तर 'आयरेन' दक्षिणेकडचा जुना इंग्रजी. आता छापायचे कोणते, असे कॅक्स्टन विचारतो. शेवटी डेन लोकांचा शब्द जिंकला.

स्पेलिंग आणि उच्चार यांचा मेळ का बसत नाही?

कारण स्पेलिंग गोठले तेव्हा उच्चार धावत होते. साधारण १४०० ते १७०० या काळात इंग्रजीचे सगळे दीर्घ स्वर आपल्या जागा सोडून सरकले. डॅनिश भाषाशास्त्रज्ञ ओटो येस्पर्सन यांनी या घटनेला महास्वरांतर अशा अर्थाचे नाव दिले. चौसरच्या काळी 'नेम'चा उच्चार 'नाम'सारखा होता आणि शेवटचा 'ई' पुसटसा ऐकू येई. 'टाइम' होता 'टीम', 'हाउस' होता 'हूस', 'मून' होता 'मोन', 'फीट' होता 'फेट'. 'माउस' होता 'मूस', आणि आता संस्कृत 'मूष' शेजारी ठेवून पाहा.

म्हणून पहिलीतले मराठी मूल अक्षरे जोडत 'नेम' हा शब्द 'नामे' असा वाचते, तेव्हा ते चौदाव्या शतकातल्या वाचनाच्या बरेच जवळ असते. त्याला रागावू नये.

मुकी अक्षरे दोन प्रकारची. काही पूर्वी खरोखर उच्चारली जात. सरदार या अर्थाचा 'नाइट' होता 'क्निख्त'. त्यातला 'क' सतराव्या शतकाच्या सुमारास गेला. 'जी-एच' हा घशातला 'ख' होता, तो रात्र या अर्थाच्या जर्मन 'नाख्ट'मध्ये आजही ऐकू येतो. काही अक्षरे मात्र विद्वानांनी नंतर घुसवली. 'डेट' म्हणजे कर्ज, यात 'बी' कधीच उच्चारला गेला नाही. लॅटिन 'डेबिटुम'ची आठवण म्हणून तो आणला. 'आयलंड'मधला 'एस' तर निव्वळ गैरसमजातून आला, कारण तो शब्द लॅटिन नसून जुना इंग्रजी आहे.

शेक्सपिअरने हजारो शब्द तयार केले, हे खरे का?

अंशतः. ऑक्सफर्डच्या कोशासाठी वाचकांनी शेक्सपिअर बारकाईने वाचला होता, त्यामुळे पुष्कळ शब्दांची पहिली नोंद त्याच्या नावावर पडली. पुढे त्यातले बरेच शब्द आधीच्या लिखाणात सापडले. त्याची थोरवी शब्द वापरण्यात आहे, संख्येत नाही.

इंग्रजीत 'तू' का नाही?

होता. 'दाउ' म्हणजे 'तू', आणि 'तू', संस्कृत 'त्वम्', इंग्रजी 'दाउ' हे एकाच मुळाचे. 'यू' हे मूळचे अनेकवचन. फ्रेंच दरबाराच्या प्रभावाने ते आदरार्थी झाले, मग कुणाचा अपमान नको म्हणून सगळेच सगळ्यांना 'यू' म्हणू लागले. सतराव्या शतकात क्वेकर या ख्रिस्ती पंथाने माणसामाणसांत भेद नको म्हणून सर्वांना, अगदी न्यायाधीशांनाही, 'दाउ' म्हणायचे ठरवले आणि त्यापायी रोषही ओढवून घेतला. म्हणजे इंग्रजीत 'तुम्ही' उरला, 'तू' गेला. यॉर्कशरसारख्या भागांतल्या बोलींत तो नंतरही दीर्घकाळ टिकला.

इंग्रजी शुद्ध ठेवण्याचा प्रयत्न झाला नाही का?

झाला. सोळाव्या शतकात केंब्रिजचे प्राध्यापक जॉन चीक यांना लॅटिन-ग्रीक शब्दांचा भरणा खटकत होता. शुभवर्तमानाच्या भाषांतरात त्यांनी 'सेंचुरियन'ऐवजी 'हंड्रेडर' असे देशी शब्द घडवले. ते रुळले नाहीत. १७१२ मध्ये जोनाथन स्विफ्टने भाषेवर देखरेख करणारी संस्था मागितली, तीही झाली नाही.

ते काम कोशकारांनी केले. रॉबर्ट कॉड्री या शिक्षकाचा १६०४ चा कोश जेमतेम अडीच हजार शब्दांचा होता. सॅम्युएल जॉन्सनचा १७५५ चा कोश ४२ हजारांहून अधिक शब्दांचा. ऑक्सफर्डच्या कोशाची कल्पना १८५७ मध्ये निघाली, पहिला भाग १८८४ मध्ये आला आणि काम संपले १९२८ मध्ये. त्याचे संपादक जेम्स मरी ते पाहायला उरले नव्हते. शब्द कसा असावा हे न सांगता तो कधी, कुणी, कसा वापरला हे पुराव्यानिशी दाखवायचे, ही त्या कोशाची रीत. मला ती भाषेबद्दलच्या आदराची सर्वांत खरी पद्धत वाटते.

अमेरिकन इंग्रजी ही बिघडलेली इंग्रजी आहे का?

अजिबात नाही. इंग्रज वसाहतकरी १६०७ मध्ये जेम्सटाउनला उतरले तेव्हा इंग्लंडमध्ये 'कार', 'फार्म'सारख्या शब्दांतला 'र' स्पष्ट उच्चारला जाई. तो लंडनकडे नंतर, मुख्यतः अठराव्या शतकात, गळाला. बहुतेक अमेरिकेत टिकला. 'गॉटन' हे रूप आणि पानगळीच्या ऋतूला 'फॉल' म्हणणे, हेही जुने इंग्लंडचेच. 'कलर'मधला 'यू' नोआ वेबस्टरच्या कोशांमुळे अमेरिकेत कायमचा गेला.

आपल्याकडे इंग्रजी कधी आली आणि मराठीशी तिचा काय संबंध आला?

ईस्ट इंडिया कंपनीची सनद ३१ डिसेंबर १६०० ची. १६६१ च्या विवाहकरारात पोर्तुगालने मुंबई इंग्लंडच्या राजाला दिली आणि १६६८ मध्ये राजाने ती वर्षाला दहा पौंड भाड्याने कंपनीला दिली. १८३५ मध्ये इंग्रजी शिक्षणाची बाजू मांडणाऱ्या मेकॉलेच्या टिपणानंतर सरकारी पैसा इंग्रजी शिक्षणाकडे वळला. १८५७ मध्ये मुंबई विद्यापीठ निघाले.

देवाणघेवाण दोन्ही बाजूंनी झाली. बाळशास्त्री जांभेकरांच्या १८३२ च्या 'दर्पण'मध्ये मराठी आणि इंग्रजी मजकूर शेजारी शेजारी छापला जाई. मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश १८३१ चा. मराठीत विरामचिन्हे रूढ झाली ती मेजर थॉमस कँडी यांच्यामुळे. उलट दिशेने 'मुंगूस' इंग्रजीत जाऊन 'मंगूस' झाले.

मुलांना शिकवताना हा इतिहास उपयोगी पडतो का?

पडतो, आणि पाठांतराचा भार कमी होतो. 'सी-एच' ही जोडी घ्या. 'चाइल्ड', 'टीच', 'मच' या देशी शब्दांत ती 'च' आहे. 'केमिस्ट्री', 'कोरस', 'स्कूल' हे मूळ ग्रीक शब्द, तिथे 'क'. 'मशीन', 'शेफ' हे फ्रेंचमधून उशिरा आलेले शब्द, तिथे 'श'. मध्ययुगात आलेल्या 'चेअर', 'चॅप्टर' या फ्रेंच शब्दांत मात्र 'च' ऐकू येतो, कारण तेव्हा फ्रेंच लोक स्वतःच 'च' म्हणत. पुढे त्यांचा उच्चार बदलून 'श' झाला. त्यामुळे इंग्रजीने एकच फ्रेंच शब्द दोनदा घेतला: तेराव्या-चौदाव्या शतकाच्या सुमारास घेतला तो 'चीफ', आणि एकोणिसाव्या शतकात घेतला तो 'शेफ'.